चीज खाणारी लेक आणि चिकन खाणारे बाबा

पत्र : ताई, नमस्कार. आमची लेक सतरा वर्षांची आहे. सहा महिन्यांपूर्वी तिनं मांसाहार सोडला. कारण एकच, पर्यावरण. तिचे बाबा आठवड्यातून तीनदा चिकन खातात आणि महिन्यातून दोनदा मटण. ते कमी करायला तयार नाहीत. हिचं मात्र मांस सोडल्यापासून पोट भरत नाही, म्हणून तिला रोज चीज लागतं. जेवायला बसलं की वाद ठरलेला. ती म्हणते, जगातली ८३ टक्के शेतजमीन प्राण्यांपायी अडकली आहे. बाबा, तुमच्या ताटात जंगलं चालली आहेत. ते म्हणतात, अमेरिकेतल्या एका विद्यापीठानंच सांगितलंय की थोडं मांस खाणारे लोक शाकाहाऱ्यांपेक्षा जमीन काटकसरीनं वापरतात. गेला महिनाभर ती ताट घेऊन स्वतःच्या खोलीत जाते. मला या आकड्यांतलं काही कळत नाही. खरं कोण बोलतंय? सगळा माल जवळच्या शेतातून आणला तर काही फरक पडेल का? आणि मुख्य म्हणजे, मी उद्या स्वयंपाक काय करू?
– दोघांच्या मधे बसणारी

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. खरं दोघंही बोलतायत. दोघांचे आकडे गंभीर अभ्यासांतून आलेले आहेत. पण एक गोष्ट दोघांच्याही नजरेतून सुटली आहे. लेकीनं पुढे केलेला आकडा तिच्या चीजलाही लागू होतो आणि बाबांनी पुढे केलेला अभ्यास त्यांच्या चिकनच्या मदतीला येतच नाही. एका परीनं दोघं एकमेकांचीच बाजू मांडतायत. हे त्यांना कसं सांगायचं, ते नंतर बघू. आधी आकडे उलगडून घेऊ, कारण तुम्हाला त्यातलं काही कळत नाही असं तुम्ही लिहिलंय, पण ते कळायला अवघड मुळीच नाही.

लेकीचा ८३ टक्क्यांचा आकडा २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासातला आहे. जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या दोघांनी ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून ४० खाद्यपदार्थांचा हिशेब मांडला. त्यात असं दिसलं, की मांस, दूध, अंडी आणि मत्स्यशेती मिळून जगाच्या शेतजमिनीपैकी ८३ टक्के जमीन वापरतात, आणि त्या बदल्यात माणसाला मिळतात १८ टक्के उष्मांक आणि ३७ टक्के प्रथिनं. हा व्यवहार तोट्याचा आहे, यात शंका नाही. प्राणी खातो त्यातलं बरंचसं त्याच्या जगण्यात, हिंडण्याफिरण्यात, अंग गरम ठेवण्यात आणि हाडं-कातडी घडवण्यात खर्च होतं. आपल्या ताटात उरलेलं येतं. पण त्या यादीत ‘दूध’ हा शब्द आहे, तो पुन्हा एकदा वाचा. ८३ टक्क्यांत दुधाचा वाटा आहे, आणि चीज म्हणजे आटवलेलं दूधच म्हणायचं.

बाबांचा अभ्यास बहुधा कॉर्नेल विद्यापीठाचा, २००७ सालचा. ख्रिश्चन पीटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क राज्यापुरता प्रश्न घेतला होता, की इथल्या जमिनीवर किती लोकांचं पोट भरेल. त्यांनी ४२ प्रकारचे आहार तपासले. कमी चरबीच्या शाकाहाराला माणशी वर्षाला ०.४४ एकर जमीन लागत होती, तर भरपूर मांस आणि भरपूर चरबी असलेल्या आहाराला २.११ एकर. जवळपास पाचपट. इथवर लेकीचं म्हणणं बरोबर. गंमत पुढे आहे. थोडंसं मांस आणि दूध असलेला आहार शाकाहारापेक्षा जरा जास्त जमीन वापरूनही त्या राज्यात थोड्या जास्त लोकांना पुरत होता. कारण सगळी जमीन सारखी नसते. काही जमिनीत धान्य, भाजी, फळं पिकतात. काही जमीन उताराची, खडकाळ, उथळ मातीची असते, तिथे गवताखेरीज काही येत नाही. गवत माणसाला पचत नाही, गाईला पचतं. त्या गवताचं दूध-मांस झालं तर ते अन्न जास्तीचं मिळाल्यासारखं होतं. पण ‘थोडंसं’ म्हणजे किती? मांस आणि अंडी मिळून दिवसाला जेमतेम पन्नास-साठ ग्रॅम.

आता बाबांच्या ताटाकडे बघा. त्यांच्या ताटात मुख्यतः चिकन आहे. कोंबडी माळरानावरच्या गवतावर वाढत नाही. बाजारात येणारी कोंबडी मका आणि सोयाबीनच्या खाद्यावर वाढते, आणि ते खाद्य चांगल्या पिकाऊ जमिनीतून येतं. म्हणजे गवताळ जमीन वापरात आणण्याचं जे श्रेय त्या अभ्यासानं दिलं, ते गाई-मेंढ्यांचं आहे. कोंबडीच्या वाट्याला ते येत नाही. पीटर्स यांच्याच चमूनं २०१६ मध्ये साऱ्या अमेरिकेसाठी असाच हिशेब केला, तेव्हा सर्वाधिक लोकांना पुरणारा आहार निघाला तो दूध घेणाऱ्या शाकाहाऱ्यांचा. दूधही वर्ज्य करणारा आहार दोन कमी-मांसाच्या आहारांच्याही मागे पडला. कारण तेच, गवताळ जमीन नुसती पडून राहिली. म्हणजे बाबांनी आणलेला पुरावा त्यांच्या चिकनपेक्षा लेकीच्या दुधाला जास्त बळ देतो.

मग लेक जिंकली म्हणायचं का? जमिनीचा एवढा एकच हिशेब धरला तर कदाचित. पण पृथ्वीवरचा भार जमिनीतच मोजून संपत नाही, आणि इथून पुढे गोष्ट उलटते.

लहान असताना मी तासन् तास गाईला रवंथ करताना बघत बसायचे. गाय बसलेली असते, डोळे अर्धवट मिटलेले. मधेच तिच्या गळ्याखालून एक गोळा वर सरकताना स्पष्ट दिसतो. मग पन्नासेक वेळा जबडा आडवा फिरतो, गोळा पुन्हा खाली जातो. क्षणभर शांतता, की पुढचा गोळा वर. त्या शांततेत ती अधूनमधून ढेकर देते, इतका हलका की जवळ बसल्याशिवाय कळतही नाही. गाईच्या पोटाचा सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. त्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव गवत कुजवत असतात, म्हणून तर तिला गवत पचतं. त्याच कामात मिथेन वायू तयार होतो आणि त्यातला बहुतेक त्या हलक्या ढेकरेतून हवेत जातो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर एक किलो मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट उष्णता अडवतो. वीस वर्षांचा धरला तर ऐंशीच्या आसपास. गाय, म्हैस, मेंढी, बकरी ही सगळी रवंथ करणारी. कोंबडी आणि डुक्कर रवंथ करत नाहीत.

ज्या गुणामुळे गाय पडीक गवतातून अन्न काढते, त्याच गुणामुळे ती मिथेन सोडते. दोन्ही एकाच पोटातलं. जमीन वाचवायला जावं तर हवा बिघडते, हवा वाचवायला कोंबडीकडे वळावं तर पिकाऊ जमिनीतलं धान्य जातं. ‘पर्यावरणाला कोणता आहार परवडतो’ या प्रश्नाचं एका शब्दात उत्तर देणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही, तो यामुळेच.

वायूंचे आकडेही सांगते. पुन्हा २०१८ च्या त्याच अभ्यासातले, जगाची सरासरी म्हणून. प्रत्येकी १०० ग्रॅम प्रथिनं मिळवायची, तर सगळे हरितगृह वायू कार्बन डायऑक्साइडच्या मापात धरून, मांसासाठी वाढवलेल्या गाई-बैलांच्या मांसातून सुमारे ५० किलो, मेंढी-बकरीच्या मांसातून २०, चीजमधून ११, डुकराच्या मांसातून साडेसात, चिकनमधून पावणेसहा, अंड्यांतून सव्वाचार, टोफूतून २, शेंगदाण्यांतून सव्वा आणि डाळींतून जेमतेम पाऊण-एक किलो. चीज कुठे आहे ते पाहिलंत? चिकनच्या जवळजवळ दुप्पट. कारण सरळ आहे. एक किलो घट्ट चीज करायला साधारण दहा लिटर दूध लागतं. दहा लिटरची बादली डोळ्यांसमोर आणा आणि मग त्या छोट्या पिवळ्या वडीकडे बघा.

आता तुमच्याच घराचा आठवडा मांडू. तुम्ही वजनं लिहिली नाहीत, म्हणून अंदाज धरते. बाबा एका वेळी १५० ग्रॅम चिकन खात असतील, तर आठवड्याचे ४५० ग्रॅम. त्यात ९० ग्रॅम प्रथिनं, म्हणजे सुमारे ५ किलो वायू. मटण महिन्यातून दोनदा तेवढंच, म्हणजे आठवड्याला सरासरी ७० ग्रॅम, प्रथिनं १४ ग्रॅम, वायू ३ किलोच्या जरा आत. एकूण ८ किलोपर्यंत. लेक रोज ५० ग्रॅम चीज खात असेल, म्हणजे दोन-अडीच चकत्या, तर आठवड्याचे ३५० ग्रॅम. प्रथिनं ८७ ग्रॅमच्या आसपास, वायू साडेनऊ किलो.

आठ आणि साडेनऊ. हे ढोबळ आकडे आहेत आणि त्यातल्या दीड किलोच्या फरकावर कुणी कुणाला हरवू नये. पण दोघं एकाच पातळीवर आहेत, एवढं त्यातून नक्की कळतं. मला त्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी वाटते. मटण चिकनच्या जेमतेम सहाव्या हिश्शाइतकं आहे, तरी बाबांच्या ८ किलोंतले जवळपास ३ किलो त्याचेच आहेत. म्हणजे बाबांनी चिकनला हात न लावता नुसतं मटण सोडलं, तरी त्यांचा भार तिसऱ्या हिश्शानं उतरतो. आणि लेकीनं चीजमधली प्रथिनं डाळी-कडधान्यांतून घेतली, तर साडेनऊ किलोंच्या जागी पाऊण किलो राहतात. त्यासाठी आठवड्याला साधारण पावणेचारशे ग्रॅम कोरडी डाळ लागेल. तिघांच्या स्वयंपाकात ती कुठे गेली हे कळणारही नाही.

दुधाबद्दल एक गोष्ट राहते. ती फार कमी बोलली जाते आणि लेकीला ती माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं. गाय व्याल्याशिवाय दूध देत नाही. वासरांपैकी निम्मी नर असतात, आणि दूध आटलेल्या गाईही पुढे अनेक वर्षं जगू शकतात. त्यांचं काय होतं? जगात बहुतेक ठिकाणी त्यांचं मांस होतं. म्हणून त्या अभ्यासात दुभत्या कळपातून आलेल्या मांसाचा आकडा वेगळा दिला आहे. तो ५० ऐवजी १७ आहे, कारण गाईच्या पालनपोषणाचा बराच भार दुधाच्या खात्यावर पडतो. दूध आणि मांस एकाच गोठ्यातून निघतं. दूध पिणाऱ्यानं मांस खाणाऱ्याकडे बोट दाखवताना हे विसरू नये.

लेक यावर म्हणेल, मग मी दूधही सोडते. म्हणू दे, पण घाईनं नको. सतरा वर्षं हे वाढीचं वय आहे. बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशानं मिळत नाही. दूध-अंडी दोन्ही बंद केली तर ते गोळीतून किंवा बी-१२ मिसळलेल्या पदार्थांतून घ्यावंच लागतं. डाळी, कडधान्यं आणि पालेभाज्यांतलं लोह अंगी लागावं म्हणून सोबत लिंबू, टोमॅटो असं काही आंबट असावं. आणि वर्षातून एकदा डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या. तिच्या निर्णयाचा मान राखायचा, तर तिच्या तब्येतीची काळजीही तितकीच घ्यायला हवी.

बाबांच्या बाजूनं अजून एक आकडा आहे. तो त्यांना ठाऊक नसेल तर आज ना उद्या सापडेलच. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं, की जगभरातली जनावरं जे खातात त्यातलं ८६ टक्के माणसाच्या खाण्यायोग्य नसतंच. गवत, चिपाडं, कडबा, तेल काढून उरलेली पेंड, असलं सगळं. हे खरं आहे. पण उरलेले १४ टक्के म्हणजे काही थोडंथोडकं नाही. जगातलं जवळपास एकतृतीयांश तृणधान्य त्यात जातं. एक किलो बिनहाडाच्या मांसासाठी रवंथ करणाऱ्या जनावराला माणसाच्या खाण्यातलं सरासरी २.८ किलो लागतं, तर कोंबडी-डुकराला ३.२ किलो. पाहा, इथे पुन्हा कोंबडी मागे पडली.

त्याच अभ्यासात असंही आहे, की जनावरांसाठी वापरल्या जाणाऱ्या २५० कोटी हेक्टरांपैकी २०० कोटी हेक्टर गवताळ आहेत आणि त्यातले १३० कोटी हेक्टर नांगराखाली येऊच शकत नाहीत. यावरून बाबा म्हणतील, मग ती जमीन जनावरांनी सोडली तरी उपयोग काय? उपयोग आहे. जमीन नांगरली तरच कामाची, असं थोडंच आहे? पूर आणि नेमेचेक यांच्या हिशेबानं सगळ्या जगानं प्राणिजन्य अन्न सोडलं तर शेतीची जमीन ७६ टक्क्यांनी घटेल, आणि मोकळ्या जमिनीवर झाडोरा आपोआप वाढू दिला तर शंभर वर्षं दर वर्षी सुमारे ८१० कोटी टन कार्बन डायऑक्साइड त्यात शोषला जाईल. लेकीच्या तोंडी जो ‘जंगल’ शब्द आहे, त्याचा खरा आधार हा. दिशा तिचीच बरोबर आहे, हे मी बाबांनाही स्पष्ट सांगेन. फक्त कोरड्या माळावर जिथे दुसरं काही पिकत नाही, तिथे कळपावर जगणाऱ्या माणसांना हा उपदेश करायला जाऊ नये. त्यांच्या लेकरांच्या वाटीतलं दूध आणि शहरातल्या फ्रीजमधलं चीज यांना एका तराजूत घालणं अन्याय होईल.

लेकीला आवडणार नाही अशी एक नोंदही करायला हवी. १०० ग्रॅम प्रथिनांमागे लागणाऱ्या जमिनीत चिकन आणि डाळी जगाच्या सरासरीत जवळपास बरोबरीला आहेत, दोन्ही सुमारे ७ चौरस मीटर. चीजला मात्र ४० लागतात. डाळींचं एकरी पीक मका-सोयाबीनच्या मानानं फारच कमी येतं, म्हणून असं होतं. वायूंत मात्र डाळी चिकनच्या कितीतरी खाली आहेत, आणि त्यांच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देतात ते वेगळंच.

पुढे-मागे बाबा आणखी एक बातमी आणतील. २०१५ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांच्या अभ्यासावरून ‘लेट्यूसचा पाला डुकराच्या खारवलेल्या मांसापेक्षा तिप्पट वाईट’ अशी बातमी जगभर फिरली होती. तो हिशेब उष्मांकामागे होता. १०० ग्रॅम पाल्यात पंधराएक उष्मांक असतात. दिवसभराचं पोट पाल्यावर भरायचं तर तेरा-चौदा किलो पाला खावा लागेल. असं कुणी करत नाही. जे अन्न ज्या कामासाठी ताटात येतं, त्या कामाच्या मापानंच ते मोजायला हवं. डाळ, अंडं, चिकन, चीज ही प्रथिनांसाठी येतात, म्हणून मी सगळीकडे प्रथिनांचं माप धरलं.

जवळच्या शेतातल्या मालाबद्दल तुम्ही विचारलंय. ताजं मिळतं, शेतकरी ओळखीचा होतो, जरूर आणा. हवामानाला मात्र त्यानं फारसा दिलासा मिळत नाही. वेबर आणि मॅथ्यूज या संशोधकांनी २००८ मध्ये अमेरिकी घरांचा हिशेब काढला, तर अन्नामुळे होणाऱ्या उत्सर्जनात सगळी वाहतूक मिळून ११ टक्के होती, आणि माल तयार झाल्यावर दुकानापर्यंत नेण्याचा भाग फक्त ४ टक्के. आठवड्यातल्या एका दिवसाच्या उष्मांकांपेक्षाही कमी उष्मांक लाल मांस आणि दुधाच्या पदार्थांऐवजी भाजी, अंडी, मासे किंवा चिकनमधून घेतले, तर सगळंच अन्न जवळून आणण्यापेक्षा जास्त फरक पडतो, असं त्यांना दिसलं. विमानानं येणारा नाजूक माल तेवढा टाळा.

मग ताटाचा प्रकार बदलणं महत्त्वाचं की प्रमाण? याचं सर्वांत उपयोगी उत्तर मला ऑक्सफर्डच्या पीटर स्कारबरो आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या अभ्यासात मिळतं. ब्रिटनमधल्या लोकांच्या खाण्याच्या नोंदींवरून त्यांनी हरितगृह वायूंचा माणशी, दिवसाचा आकडा काढला. रोज १०० ग्रॅमहून जास्त मांस खाणारा ७.१९ किलो, ५० ते ९९ ग्रॅमवाला ५.६३, ५० पेक्षा कमी खाणारा ४.६७, मासे खाणारा पण मांस न खाणारा ३.९१, दूध-अंडी घेणारा शाकाहारी ३.८१, आणि प्राण्यांचं काहीच न घेणारा २.८९. पायऱ्यांमधलं अंतर बघा. ‘खूप मांस’ ते ‘थोडं मांस’ ही उतरण अडीच किलोंची आहे. ‘थोडं मांस’ ते ‘शाकाहार’ ही एक किलोचीही नाही. बाबा आज मधल्या गटात बसतात, आणि बरंचसं चिकनच खातात म्हणून त्या गटाच्या सरासरीपेक्षा खालीच असतील. त्यांना शाकाहारी व्हायला सांगण्यात शक्ती घालवू नका. एक पायरी खाली येणं त्यांना जमेल.

तर उद्याचा स्वयंपाक. ताटातला मुख्य पदार्थ तिघांसाठी एकच ठेवा, आणि तो डाळीचा, कडधान्याचा, सोयाबीनचा किंवा शेंगदाण्याचा असू द्या. भरपूर, चवीचा, मनापासून केलेला. ‘बाबांचं वेगळं आणि तिचं वेगळं’ अशी दोन टोकं टेबलावर राहिली की वादाला तिथेच बूड मिळतं. चिकन आठवड्यातून तीनदा राहू दे, पण १५० ग्रॅमऐवजी ७०-८० ग्रॅम, तोंडीलावणं म्हणून. मटण दोन महिन्यांतून एकदा, अगदी खास दिवशी. चीज रोजच्या चकत्यांऐवजी किसून, वरून चिमूटभर. मुरलेलं, कडक चवीचं घेतलंत तर थोड्यात भागतं. लेकीचं पोट भरत नाही याचं कारण चीजची कमतरता हे नसावं. मांस गेलं आणि त्या जागी प्रथिनांचं दुसरं काही आलंच नाही, हे असावं. कडधान्याचं प्रमाण दुपटीनं वाढवून बघा, पंधरा दिवसांत फरक कळेल.

आणि शिल्लक अन्न. याबद्दल तुमच्या घरात कुणीच भांडत नाहीये, म्हणून मुद्दाम लिहिते. २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न ताटापर्यंत येऊन किंवा येता येता वाया गेलं, त्यातलं साठ टक्के घरांमधून. टाकून दिलेल्या चिकनचा भार खाल्लेल्या चिकनइतकाच असतो, आणि चीजचाही.

आता सांगायचं कसं. मी वर मांडलेला आठ-साडेनऊचा हिशेब हे पान तसंच्या तसं लेकीसमोर ठेवून सांगू नका, आणि बाबांच्या हातात तर मुळीच देऊ नका. सहा महिन्यांपूर्वी एका सतरा वर्षांच्या मुलीनं जगाची काळजी वाटून आपलं आवडतं खाणं सोडलं. ती फार मोठी गोष्ट आहे. ‘बघ, तुझं चीजच वाईट’ असं ऐकल्यावर ती चीज सोडणार नाही, आपल्या माणसांवरचा विश्वास सोडेल. तिला आधी एकटीला गाठून विचारा, की यात प्राण्यांच्या जिवाचाही विचार आहे का. असेल तर चिकनला झुकतं माप देणारा हा हिशेब तिच्यासमोर मांडूच नका. तेवढ्याच मांसासाठी गाईपेक्षा कितीतरी जास्त कोंबड्या मरतात, आणि त्या बाजूनं पाहिलं तर कोंबडीच सगळ्यात वाईट ठरते. ते तिचं म्हणणं चुकीचं म्हणता येणार नाही.

तिचा विचार पर्यावरणापुरताच असेल, तर एक वही आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा टेबलावर ठेवा. एक आठवडा ज्यानं त्यानं स्वतःचं ताट तोलायचं आणि स्वतःच लिहायचं. दुसऱ्याचं ताट कुणी तोलायचं नाही, दुसऱ्याच्या पानावर कुणी शेरा मारायचा नाही. मी हे एकदा स्वतः केलं होतं. चौथ्या दिवशी माझ्याच अक्षरात ‘लोणी’ हा शब्द सकाळ-संध्याकाळ लिहिलेला बघून मी थांबले होते. मला ते कुणी सांगावं लागलं नाही. सातव्या दिवशी दोघांना एकत्र बसवून वरचे प्रथिनांचे आकडे द्या आणि गुणाकार त्यांनाच करू द्या. बेरीज बाबांना लेकीची करू दे, लेकीला बाबांची. तेवढ्यासाठी तिला खोलीतून टेबलापर्यंत यावंच लागेल.

वहीचं पहिलं पान मात्र तुम्ही भरा. लेक काय खाते, तिचे बाबा काय खातात, जवळचं शेत, उद्याचा स्वयंपाक, सगळं पत्रात आलं. तुम्ही स्वतः काय खाता, हे त्यात कुठेच नाही.